वाड्याचे सागवान आणि पहिली यांत्रिक करवत

वाचकाचे पत्र:

मी सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झाले. गेल्या उन्हाळ्यात आमचा जुना वाडा उतरवला. त्याचे सागवानी वासे, चार तुळया आणि दारांच्या फळ्या पडवीत रचून ठेवल्या आहेत. त्यातून नातवाला अभ्यासाचे टेबल, पुस्तकांची मांडणी आणि घरात लागणारे किरकोळ सामान स्वतःच्या हाताने करावे असे मनात आहे. मागच्या अंगणात १० बाय १२ फुटांची पत्र्याची खोली आहे. वीज सिंगल फेज आहे आणि संध्याकाळी दाब उतरतो. खर्चाला ६०,००० रुपये बाजूला काढले आहेत. व्हिडिओंमध्ये सगळे टेबल सॉपासून सुरुवात करा म्हणतात, गावातला मिस्त्री माइटर सॉ घ्या म्हणतो आणि न्यू जर्सीतला पुतण्या स्वतःची जुनी टेबल सॉ पाठवायला निघाला आहे. हिची अट एकच आहे, की दहाही बोटे जागेवर राहिली पाहिजेत. काय घ्यावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मला सर्वांत उपयोगी पडली ती पडवीतल्या वाशांची ओळ. कोणती करवत घ्यावी हे लाकडाचा आकार, खोलीची लांबी आणि भिंतीतली वीज या तीन गोष्टींवर ठरते, आणि या तिन्ही बाबतींत तुमची परिस्थिती व्हिडिओतल्या माणसांहून पुष्कळ वेगळी आहे. म्हणून आधी निर्णय सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. तुम्ही पहिली करवत बँडसॉ घ्यावी, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याची, आणि तीही १० किंवा जमल्यास १२ इंची चाकांची. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड ढकलून कापायचे यंत्र, सध्या घेऊ नये. मिस्त्रींची माइटर सॉ वर्षभर थांबू शकते. पुतण्याला मात्र आजच फोन करून थांबवा.

अमेरिकेतल्या छांदिष्टांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरोबर आहे. तिकडे दुकानातून भट्टीत वाळवलेल्या आणि रंधून सरळ केलेल्या फळ्या येतात, ८ बाय ४ फुटांचे प्लायवूड येते, आणि काम मोटार ठेवायच्या ऐसपैस गॅरेजमध्ये चालते. अशा मालाला ठरावीक रुंदीत, एकसारखे आणि सरळ चिरायचे असेल तर टेबल सॉच्या तोडीचे दुसरे यंत्र नाही. पण या यंत्राची एक मूलभूत मागणी असते: लाकडाची एक बाजू सपाट हवी, म्हणजे ती टेबलावर न डुलता बसेल, आणि एक कड सरळ हवी, म्हणजे ती फेन्सला, म्हणजे पात्याला समांतर बसवलेल्या सरळ पट्टीला, टेकून पुढे सरकेल. शंभर वर्षे कौलांचा भार वाहिलेला वासा यांपैकी काहीच देत नाही. त्याला बाक असतो, पीळ असतो, आणि चिरताना आतला ताण मोकळा होऊन चिरलेले दोन भाग कधी पात्यावर मिटतात तर कधी एकमेकांपासून फाकतात.

पाते असे चिमटले गेले, की त्याच्या मागच्या बाजूचे वर येणारे दात लाकूड उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर पडतो, आणि लाकूड उलटे सुटते ते या वेगाच्या जोरावर. लाकूड सुटले की त्याला टेकवलेला हात आधाराशिवाय पुढे जातो, तोही पात्याच्या दिशेने. तुमच्या सौभाग्यवतींची अट मी गांभीर्याने घेतली आहे ती यामुळेच.

टेबल सॉला आणखी दोन अडचणी आहेत. १० इंची पाते पूर्ण वर काढले तरी ते साधारण ८० मिलिमीटर म्हणजे सव्वातीन इंचांपेक्षा खोल कापत नाही. चार इंची वासा चिरायचा झाला तर तो उलटा करून दुसऱ्यांदा घालावा लागेल आणि दोन्ही चिरा एका रेषेत आणण्याची कसरत करावी लागेल. दुसरी अडचण खोलीची आहे. आठ फुटी फळी उभी चिरायला पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट लागतात. तुमची खोली बारा फुटांची आहे, त्यामुळे दार आणि समोरची खिडकी एका रेषेत असल्याखेरीज हे गणित बसत नाही. बँडसॉलाही पुढेमागे जागा लागतेच, परंतु तिच्यावर तुम्ही प्रामुख्याने तीन-चार फुटांचे तुकडे चिरणार आहात. टेबलाचे पाय आणि मांडणीच्या आडव्या पट्ट्या याहून लांब क्वचितच असतात. यंत्राच्या बैठकीला चाके लावली तर काम झाल्यावर ते कोपऱ्यात ढकलून खोली मोकळीही करता येते.

बँडसॉमध्ये पोलादी पट्टीचे पाते वरच्या आणि खालच्या अशा दोन चाकांवरून फिरत राहते आणि लाकडातून जाताना त्याची दिशा नेहमी खालची असते. त्यामुळे कापण्याचा जोर लाकडाला टेबलावर दाबतो आणि ते चालवणाऱ्याकडे फेकले जाण्याचे कारण राहत नाही. याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा मात्र घेऊ नका. खाटकाच्या दुकानात हाडे कापायला हेच यंत्र असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. फरक एवढाच, की इथे अपघात बहुतेक वेळा हात पात्यासमोर नेल्याने होतो, आणि हात कुठे ठेवायचा हे आपल्या ताब्यात असते.

दुसरा फायदा लाकडाच्या बचतीचा आहे, आणि जुन्या सागवानाच्या बाबतीत तो लहान नाही. टेबल सॉचे कार्बाइड दातांचे पाते साधारण तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. बँडसॉचे पाते एक ते सव्वा मिलिमीटर खाते. १०० मिलिमीटर जाडीच्या वाशातून १२ मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या झाल्या तर हिशेबाने तीन मिलिमीटरच्या पात्याने सहा निघतात आणि सव्वा मिलिमीटरच्या पात्याने सात. बँडसॉची चीर खरबरीत येते आणि रंधा मारताना थोडे लाकूड जाते हे खरे, पण हे फाळके हाताने रंधायचे असल्यामुळे तुम्ही एक मिलिमीटरही उगीच घालवणार नाही. शिवाय आवाज कमी असतो. गावात दुपारी दोन वाजता यंत्र सुरू करणाऱ्या माणसाला या गोष्टीचे महत्त्व शेजारी लवकरच समजावून सांगतात.

आता बँडसॉच्या मर्यादा. चाकाच्या व्यासावरून तिचे नाव पडते आणि पाते ते मागचा खांब हे अंतर साधारण त्या व्यासापेक्षा थोडे कमी असते, म्हणजे १० इंची यंत्रावर साडेनऊ इंचांच्या आसपास. लांब फळी आडवी कापताना तिचे टोक खांबाला अडते. त्यामुळे आडव्या कापासाठी सुरुवातीला हातकरवत आणि गुण्या यांच्यावर काम भागवावे लागेल. तुमच्या मिस्त्रींना माइटर सॉ आवडते ती नेमकी याच कामासाठी, कारण चौकटी आणि पट्ट्या अचूक कोनात आणि झटपट कापण्यात ती तरबेज आहे. परंतु ती लाकूड उभे चिरत नाही आणि वाशाची फळी करण्याचे तुमचे मुख्य काम तिच्याने होणार नाही. दिवसाला पन्नास पट्ट्या कापणाऱ्या मिस्त्रीला जे यंत्र पहिले वाटते ते महिन्याला दहा कापणाऱ्याला पहिले वाटण्याचे कारण नाही.

बँडसॉ निवडताना छापील पत्रकापेक्षा यंत्रासमोर उभे राहून पाहण्यावर भर द्या. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात एखाद्या मोठ्या हत्यारांच्या दुकानात प्रत्यक्ष जा. एक दिवसाचा प्रवास सत्कारणी लागेल. पहिली गोष्ट म्हणजे चीर किती उंचीची घेते. १० इंची यंत्रांमध्ये ही उंची चार ते सहा इंचांपर्यंत बदलते आणि तुम्हाला सहाच्या जवळचे हवे. दुसरी गोष्ट सांगाड्याची: पात्याला ताण दिल्यावर वरचा हात वाकत असेल तर रुंद पाते त्या यंत्रावर कधीच सरळ चालणार नाही. विक्रेत्याला पाते पूर्ण ताणायला सांगा, चाक हाताने फिरवून पाहा आणि पाते चाकावरच्या रबरी पट्टीवर मध्यभागी स्थिर राहते की पुढेमागे भटकते हे तपासा. पात्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आधाराच्या बेअरिंग असतात. त्या सैल न होता घट्ट बसतात का ते पाहा. टेबल ओतीव लोखंडाचे असेल तर उत्तम, पण पावसाळ्यात त्याला गंज धरतो म्हणून मेणबत्तीचे मेण घासून पुसायची सवय लावा. लाकूडही त्यावर सुरेख सरकते. टेबल अॅल्युमिनियमचे असले तरी सपाट असेल तर मी नाकारणार नाही.

मोटरविषयी विक्रेता अश्वशक्ती सांगेल. तुम्ही नावाच्या पट्टीवरचे वॅट वाचा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. वाळलेले सागवान सहा इंच उंचीत चिरायचे असेल तर मला किमान ७५० वॅटची इंडक्शन मोटर, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, हवी वाटते. ३७० वॅटच्या मोटरवर खेळणी आणि नक्षीकाम ठीक होते, वासा होत नाही. कार्बन ब्रशच्या मोटरी हलक्या आणि स्वस्त असतात, हातात धरायच्या हत्यारांमध्ये त्याच असतात, पण त्या किंचाळतात आणि ब्रश झिजतात. एका जागी राहणाऱ्या यंत्राला इंडक्शन मोटर शोभते.

पाते हा यंत्राहून महत्त्वाचा खर्च आहे. यंत्रासोबत येणारे पाते बहुधा फक्त यंत्र चालते हे दाखवण्यापुरते असते. चिरण्यासाठी १२ मिलिमीटर किंवा यंत्र झेपवेल तितके रुंद, इंचाला तीन दातांचे पाते घ्या. दात कमी असले की दोन दातांमधली खोबण मोठी राहते आणि सहा इंची चिरेतला भुसा तिथे मावून बाहेर पडतो. बारीक दातांचे पाते अशा चिरेत तुंबते, तापते आणि वाकडे जाते, आणि मग नवखा माणूस यंत्राला दोष देतो. वळणाच्या कामासाठी सहा मिलिमीटरचे एक वेगळे पाते ठेवा. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि तिने धार लवकर बोथट होते, त्यामुळे चिरण्याची निदान तीन पाती सुरुवातीलाच घ्या. खरेदीपूर्वी पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि त्या लांबीचे पाते जवळच्या शहरात रोलमधून कापून वेल्डिंग करून मिळते का हे विचारा. ते मिळत नसेल तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी सोडून द्या.

संध्याकाळच्या उतरत्या दाबाचा उल्लेख तुम्ही सहज केला आहे, पण तो गंभीर आहे. इंडक्शन मोटरचा जोर विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळत असतील तर मोटरचा जोर सुमारे ६१ टक्क्यांवर येतो. लाकूड तेच, पाते तेच, पण मोटर गुरगुरते, वेग पडतो, वाइंडिंग तापते आणि एखाद्या दिवशी जळक्या वासाने समजते. म्हणून चिरण्याचे काम सकाळी करा आणि संध्याकाळ रंध्याला ठेवा. खोलीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या, १६ अॅम्पिअरचे सॉकेट आणि खरे अर्थिंग करून घ्या. इंडक्शन मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, त्यामुळे एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, सी प्रकारचा हवा. बी प्रकारचा विनाकारण पडत राहील. जोडीला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. घरातल्या पंख्याच्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढून करवत चालवण्याचा विचारही नको.

वीज जाण्यायेण्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानदार आपणहून सांगत नाहीत. साधे खटक्याचे स्विच असलेले यंत्र चालू असताना वीज गेली, तुम्ही पात्याजवळचा तुकडा काढायला वाकलात आणि त्याच क्षणी वीज आली, तर पाते फिरू लागते. नो-व्होल्ट स्विच नावाचा प्रकार असतो, त्यात वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. चांगल्या यंत्रांवर तो असतो. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आपल्याकडे तो ऐच्छिक मानू नये.

तुळयांचे काय करायचे? घरी काहीच नाही. आठ-दहा इंची तुळई तुमच्या यंत्रात मावणार नाही आणि मावली तरी एकट्याने पेलणार नाही. ती सॉ मिलमध्ये नेऊन दीड इंची फळ्यांत चिरून घ्या आणि त्या फळ्या घरच्या यंत्रावर पुढे बारीक करा. मात्र त्याआधी प्रत्येक खिळा काढा. जुन्या वाड्यांच्या लाकडात डोके तुटलेले लोहारी खिळे आतच राहतात आणि वरून फक्त काळा डाग दिसतो, कारण लोखंड आणि सागातले द्रव्य मिळून लाकूड तिथे काळे पडते. डाग दिसला की पटाशीने उकरून पाहा, आणि हातात धरायचा एक छोटा मेटल डिटेक्टर घ्या. एक पाते वाचले तरी त्याची किंमत वसूल होते. खिळ्याने पाते तुटले तर सॉ मिलवाले त्याचे पैसे तुमच्याकडून घेतील आणि त्यांचे चुकत नाही. जाता जाता एवढे सांगतो, की शेजाऱ्यांचे ओंडके चिरून देण्याचा व्यवसाय मनात आला तर आधी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. लाकडावर आधारित उद्योगांसाठी केंद्र सरकारची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि करवत लहान आहे हा बचाव गृहीत धरू नये.

पुस्तकांच्या मांडणीच्या पाठीला किंवा कप्प्यांना प्लायवूड लागले तर ते दुकानातच कापून घ्या. पुष्कळ ठिकाणी पूर्ण ताव कापायची पॅनल सॉ असते आणि तिच्यावरची कड घरच्या कोणत्याही यंत्रापेक्षा स्वच्छ येते. कापांचा तक्ता मिलिमीटरमध्ये लिहून न्या, आणि प्रत्येक कापाला पाते तीन मिलिमीटर खाते हे हिशेबात धरा. १८ मिलिमीटरचा पूर्ण ताव तीस किलोच्या आसपास भरतो. तो दहा बाय बाराच्या खोलीत एकट्याने फिरवणे मला पस्तिशीतही जमत नव्हते.

स्वस्त टेबल सॉविषयी माझे मत कडक आहे, कारण त्यामागे अनुभव आहे. बारा वर्षांपूर्वी मी एक घेतली होती. चित्रात फेन्स सरळ होती. प्रत्यक्षात ती पुढून आवळली की मागून दोन मिलिमीटर पात्याकडे सरके. दर वेळी पुढे आणि मागे पट्टीने मोजून ती बसवत असे. एका संध्याकाळी मोजायचे राहिले आणि बाभळीचा हातभर तुकडा माझ्या कमरेजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला पडलेला पोचा अजून आहे. यंत्र मी विकले नाही, सुटे करून मोटर वापरली, कारण ते दुसऱ्याच्या गळ्यात घालणे बरे वाटेना. पुढे कधी प्लायवूडचे कपाट करायला लागून तुम्ही टेबल सॉ घेतलीच, तर फेन्स पुढे-मागे सारखी बसते का, आणि पात्याच्या मागे त्याच्यासोबत वरखाली होणारे रायव्हिंग नाइफ आहे का, या दोन गोष्टी आधी पाहा. हे पोलादी पान चीर मिटू देत नाही आणि किकबॅकचे मुख्य कारणच काढून टाकते. ते नसलेली टेबल सॉ फुकट मिळाली तरी नको.

याच न्यायाने मार्बल कटर टेबलाखाली उलटा बांधून केलेली घरगुती टेबल सॉ पूर्णपणे वर्ज्य समजा. आपल्याकडे फर्निचरच्या कामांवर ती सर्रास दिसते. त्या कटरचे चार-साडेचार इंची पाते मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेते, वरचे संरक्षक आवरण काढलेले असते, रायव्हिंग नाइफ नसते आणि बंद करायचे बटण टेबलाखाली असते. मिस्त्री मंडळींच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्यापैकी किती जणांची तर्जनी आखूड आहे हेही मी पाहिले आहे.

वापरलेली यंत्रे हा बजेट सांभाळण्याचा चांगला मार्ग आहे, विशेषतः बँडसॉच्या बाबतीत. बंद पडणाऱ्या सुतारकामाच्या कारखान्यातून ओतीव लोखंडाची देशी बँडसॉ मिळाली तर ती नव्या पत्र्याच्या यंत्राला सहज मागे टाकते. चाकांच्या बेअरिंग आणि रबर बदलता येते. मोटर बहुधा थ्री फेजची असेल. ती काढून तितक्याच वेगाची सिंगल फेज मोटर बसवण्याचा खर्च किमतीत धरा. सांगाड्याला तडा किंवा वेल्डिंग दिसले तर घेऊ नका. चाकांवर झाकणे नसतील तर पत्र्याची करून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

आता पुतण्याची भेट. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज असते, आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्टेज उतरवायला तीन केव्हीएच्या आसपासचा जड ट्रान्सफॉर्मर लागेल. त्यानेही हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे इंडक्शन मोटर असेल तर ती एक षष्ठांश हळू फिरेल आणि अधिक तापेल. ब्रशची मोटर चालेल, पण तिकडच्या पात्यांचे मधले छिद्र पाच अष्टमांश इंच असते आणि इकडे मिळणारी १० इंची पाती बहुतेक २५.४ किंवा ३० मिलिमीटरची, म्हणजे पातेही तिकडूनच मागवत बसा. त्याला काही पाठवायचेच असेल तर दोन उत्तम शिकंजे आणि एक चांगला गुण्या पाठवू दे. ते कुठल्याही व्होल्टेजवर चालतात.

किमती दर काही महिन्यांनी हलतात, म्हणून मी प्रमाण सांगतो. साठ हजारांपैकी यंत्रावर छत्तीस-सदतीस हजारांच्या पुढे जाऊ नका. आठ-नऊ हजार वायरिंग आणि स्विचला, पाच-सहा हजार पात्यांना आणि उरलेले हाताचा लोखंडी रंधा, शिकंजे, डिटेक्टर आणि मास्कला. रंधा या यादीत उगीच आलेला नाही. वाशाची एक बाजू रंधून सपाट केली की मगच ती बँडसॉच्या टेबलावर ठेवायची. डुलणारे लाकूड बँडसॉमध्येही पाते पिळते. गोल दांडा तर आधाराच्या खाचेत बसवल्याखेरीज कधीच कापू नका, तो गर्रकन फिरतो आणि हात ओढतो.

मास्कबाबत हयगय नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९९५ मध्येच घातला आहे. बारीक धुळीसाठी एन-९५ वापरा, आणि पत्र्याच्या खोलीची दारे-खिडक्या उघड्या ठेवा. दारांच्या फळ्यांवर जुना तेलरंग असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता आहे. तो घासून धूळ उडवू नका. अंगणात ओला करून खरवडा आणि नातू तेव्हा जवळ नको. यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत, अंगठी, कडे आणि मनगटाचा दोरा काढून ठेवायचा, बाही कोपराच्या वर दुमडायची. पात्याचा वरचा आधार लाकडापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर ठेवायचा, म्हणजे उघडे पाते जवळपास उरतच नाही.

यंत्र आल्यावर नातवाच्या टेबलाला लगेच हात घालू नका. पहिल्या दिवशी फळीच्या टाकाऊ तुकड्यातून खाच असलेली दोन पुश स्टिक कापा, कारण लाकूड चार इंच उरले की हाताऐवजी तीच पुढे जायची आहेत. त्यांतले एक यंत्राच्या खांबाला खिळ्यावर अडकवून ठेवा आणि दुसरे घरात नेऊन वहिनींना दाखवा.